प्रोस्टेट का वाढते? एसटीची ड्युटी, नसबंदी आणि घरातले बाकीचे अंदाज

प्रश्न थोडक्यात असा आहे की वडील ६७ वर्षांचे, सोनोग्राफीत प्रोस्टेट ५२ ग्रॅम, ग्रेड २ असं आलंय, रात्री तीन-चार वेळा उठतात. ते एसटीत ड्रायव्हर होते, ड्युटीवर लघवी दाबून धरायचे त्यामुळेच झालं असं आईचं म्हणणं, काका म्हणतात नसबंदीमुळे. आजोबांचंही ७५व्या वर्षी ऑपरेशन झालेलं. आणि विचारणारे स्वतः ४१ वर्षांचे, आयटीत, दिवसभर खुर्चीत, तर हे नक्की कशाने होतं आणि मलाही होणार का.

मी युरॉलॉजिस्ट आहे, ओपीडीत रोज हाच विषय असतो आणि रोज दहा मिनिटांत उरकावा लागतो, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक फोड करून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं गडबडेल. प्रोस्टेट वाढणं ही एक गोष्ट आणि लघवीचा त्रास होणं ही दुसरी. दोन्हींची कारणं बरीचशी वेगळी आहेत. ३० ग्रॅमवाला माणूस कुंथून कुंथून हैराण असतो आणि ९० ग्रॅमवाला रात्रभर झोपतो, हे आम्ही नेहमी बघतो. घरात जे अंदाज बांधले जातात ना, त्यातले बहुतेक या दोन गोष्टी एकत्र केल्यामुळेच चुकतात.

तर पहिलं, ग्रंथी का वाढते. प्रोस्टेट बसते मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या, खाली आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. तरुणपणी वजन साधारण २० ग्रॅम. नळीच्या अगदी लगतचा जो आतला भाग आहे त्यात वयानुसार गाठीगाठी होत जातात आणि बाहेरचा भाग दाबून पातळ होतो, संत्र्याचा गर फुगावा आणि साल ताणली जावी तसं. ऑपरेशनमध्ये आम्ही हा गरच काढतो, साल तशीच ठेवतो. कॅन्सर मात्र बहुतेक वेळा त्या सालीच्या भागात सुरू होतो, म्हणून साधी वाढ पुढे जाऊन कॅन्सर होते ही भीती चुकीची आहे, आणि दुर्बिणीतून ऑपरेशन झालं म्हणजे आता कॅन्सर होणारच नाही ही बेफिकिरीही चुकीची आहे. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, इतकंच.

या वाढीला दोनच गोष्टी लागतात ज्याबद्दल कुणाचं दुमत नाही, वय आणि चालू असलेले अंडकोष. बाकी सगळं त्यावरची फोडणी. १९८४ साली शवविच्छेदनाच्या नोंदी एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात तिशीच्या आतल्या एकाही पुरुषात ही वाढ नव्हती, ५१ ते ६० या वयात निम्म्या लोकांत होती आणि ऐंशीच्या पुढे ८०-९० टक्क्यांत. म्हणजे केस पांढरे होण्याइतकीच ही कॉमन गोष्ट आहे. पण हे मायक्रोस्कोपखाली दिसलेलं, यातल्या सगळ्यांना त्रास होत नाही हे लक्षात ठेवा.

आता अंडकोषांचं. हे समजायला जुन्या काळात जावं लागतं. चीनच्या राजवाड्यात जे खोजे असायचे, लहानपणी किंवा तरुणपणी अंडकोष काढलेले, त्यातले जिवंत असलेले २६ म्हातारे बीजिंगच्या डॉक्टरांनी तपासले होते, १९८७ मध्ये ते छापून आलं. बहुतेकांची प्रोस्टेट बोटाने तपासताना हाताला लागतच नव्हती. त्याच्याही आधी १८९५ साली फिलाडेल्फियाचे सर्जन विल्यम व्हाइट यांनी प्रोस्टेटवर उपाय म्हणून अंडकोष काढायच्या ऑपरेशनची मोठी बाजू मांडली होती आणि त्या काळात बऱ्याच म्हाताऱ्यांवर ते झालंही. आज त्रासासाठी हे कोणी सुचवणार नाही, पण धागा बरोबर पकडला होता.

पण इथे लोकांना एक शंका येते आणि रास्त आहे, की टेस्टोस्टेरॉन तर म्हातारपणी कमी होतं, मग प्रोस्टेट तेव्हाच का वाढते? त्याचं उत्तर डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यात सापडलं. तिथल्या काही घरांत मुलं जन्मतः मुलीसारखी दिसायची, मुलगी म्हणूनच वाढायची, आणि वयात येताना आवाज फुटायचा, शरीर पुरुषासारखं व्हायचं. १९७४ मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की यांच्यात टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित आहे पण त्याचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करणारं एन्झाइम, फाइव्ह अल्फा रिडक्टेज, काम करत नाही. या पुरुषांची प्रोस्टेट मोठेपणीही चिमुकलीच राहते. म्हणजे प्रोस्टेटला वाढवणारं खरं हार्मोन हे दुसरं, डीएचटी. ते रक्तात कमी आणि ग्रंथीच्या आतच जास्त तयार होतं, आणि रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वयाने उतरलं तरी ग्रंथीतलं डीएचटी फारसं उतरत नाही. त्यात वयाबरोबर इस्ट्रोजेनचं प्रमाण तुलनेने वाढतं, तेही खतपाणी घालतं असं मानतात. नव्या पेशी तयार होतात आणि जुन्या मरायला पाहिजेत तशा मरत नाहीत, वर्षाला साधारण दीड-दोन टक्क्यांनी ग्रंथी वाढत जाते. ज्या गोळीने हे एन्झाइम अडवतात ती फिनास्टेराइड, अमेरिकेत १९९२ला मंजूर झाली, तिचा उगम त्या खेड्यात आहे. तीच गोळी कमी डोसमध्ये टक्कल पडू नये म्हणून पोरं घेतात. हे मुद्दाम सांगतोय कारण ही गोळी चालू असेल तर पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अंदाज घ्यायला करतात त्या रक्ततपासणीचा, आकडा साधारण निम्मा होतो, आणि ज्याला माहीत नाही तो डॉक्टर तो आकडा नॉर्मल समजून सोडून देईल. केसांसाठी घेत असाल तरी सांगा, लाजू नका.

याच्या पुढची कारणं म्हणजे धोका वाढवणारे घटक, यांचं वजन कमी-जास्त आहे.

आनुवंशिकता आहे, पण तुम्ही समजताय तशी नाही. १९९४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या सर्जननी असं दाखवलं की ज्यांचं ६४च्या आत ऑपरेशन झालं आणि ग्रंथीही भरपूर मोठी होती त्यांच्या भावांना, वडिलांना ऑपरेशन लागायचा धोका साधारण चौपट होता. म्हणजे घराण्यात आहे असं म्हणायचं तर वय कमी आणि ग्रंथी मोठी अशी जोडी पाहिजे. तुमच्या आजोबांचं ७५व्या वर्षी झालं, त्या वयात शेजारच्या आजोबांचंही झालेलं असतं, ते मी आनुवंशिकतेत फारसं धरत नाही. वडिलांना ५५व्या वर्षी लघवी तुंबून नळी (कॅथेटर) घालावी लागली असती तर तुम्हाला वेगळं बोललो असतो.

पोटाचा घेर. हा मुद्दा खरं तर सगळ्यात महत्त्वाचा आहे कारण एवढाच एक तुमच्या हातात आहे. सुटलेलं पोट, वाढलेली साखर, बीपी, ट्रायग्लिसराइड हे जे एकत्र टोळकं असतं, मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, त्या लोकांची प्रोस्टेट जास्त मोठी आणि जास्त वेगाने वाढणारी दिसते, स्वीडनमधल्या अभ्यासांत हे नव्वदच्या दशकातच पुढे आलं. कारण असं की पोटातली चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते, आणि रक्तात इन्सुलिन कायम जास्त राहिलं तर ते स्वतःच पेशी वाढवणाऱ्या सिग्नलसारखं वागतं, शिवाय चरबीमुळे अंगात बारीक सूज कायम चालू. उलट बाजूने, नियमित व्यायाम करणाऱ्यांत हा त्रास साधारण पाव हिश्शाने कमी असल्याचं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं. व्यायाम म्हणजे रोज दमदार चालणं सुद्धा त्यात आलं, जिमच लावली पाहिजे असं काही नाही. तुमच्या खुर्चीचा दोष असला तर तो असा पोटामार्गे आहे, बसल्याने प्रोस्टेट दाबली जाऊन वाढते असं काही नसतं.

ग्रंथीतली सूज, म्हणजे इन्फ्लमेशन, हेही कारणांत धरतात. एका मोठ्या औषध-चाचणीत बायॉप्सी बघितल्या तर चारांपैकी तिघांत सूज सापडली, आणि दुसऱ्या एका चाचणीत सूज असलेल्यांचा त्रास पुढे जास्त वाढला. ती सूज आधी की वाढ आधी यावर आमच्यातच वाद आहेत. जेवणाचं म्हणाल तर भाज्या जास्त, तळकट आणि मटण बेताचं, एवढाच कल अभ्यासांतून दिसतो, त्यावर फार मोठे दावे करणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. सिगरेट-तंबाखूचं या वाढीशी ठाम नातं दिसलेलं नाही, पण मूत्राशयाच्या कॅन्सरचं सिगरेट मोठं कारण आहे, त्यामुळे सूट मिळाली असं समजू नका.

आता काकांची नसबंदी. काही संबंध नाही. नसबंदीत फक्त शुक्राणूंची नळी बांधतात, हार्मोन रक्तातून जातं, ते जसंच्या तसं चालू राहतं, प्रोस्टेटला काही कळतही नाही. आपल्याकडे पुरुष नसबंदीला आधीच कोणी तयार होत नाही आणि त्यात हे असलं काहीतरी पसरतं म्हणून चिडचिड होते. तसंच संबंध जास्त ठेवले, कमी ठेवले, हस्तमैथुन केलं, यातल्या कशानेही प्रोस्टेट वाढत नाही. हा प्रश्न पेशंट दार लावून, बायकोला बाहेर पाठवून विचारतात, म्हणून इथे न विचारताच सांगितला.

आईंचा एसटीचा अंदाज मात्र अर्धा बरोबर आहे. लघवी दाबून धरल्याने ग्रंथी वाढत नाही. पण ग्रंथी आधीच वाढलेली आहे आणि माणसाने पाच-सहा तास दाबून धरलं तर पिशवी इतकी ताणली जाते की तिचा स्नायू आकुंचनच पावत नाही आणि लघवी तुंबते. लग्नाच्या बसमध्ये, लांबच्या प्रवासात, कीर्तनाला पुढे बसलेल्या माणसाच्या बाबतीत हे होतं, उठायचं कसं म्हणून बसून राहतात आणि मग रात्री कॅज्युअल्टीत नळी.

म्हणजे आलो आपण दुसऱ्या गोष्टीवर, त्रास कशाने होतो. प्रोस्टेटमध्ये गाठींशिवाय भरपूर स्नायू असतो, पिशवीच्या तोंडाशीही असतो. तो आवळला की नळी चिमटते, मग ग्रंथी ३० ग्रॅमची का असेना. थंडी, टेन्शन याने तो आवळतो. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन या गोळ्या हाच स्नायू सैल करतात म्हणून दोन-चार दिवसांत फरक पडतो, ग्रंथी त्याने एक ग्रॅमही कमी होत नाही. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडने ग्रंथी पाव हिश्शापर्यंत आकसते पण सहा महिने धीर धरावा लागतो, आणि लहान ग्रंथीला त्यांचा उपयोग नाही. याशिवाय वाढ कुठल्या दिशेला आहे तेही बघावं लागतं, मधला भाग वर पिशवीत घुसला असेल तर लघवी करताना तो झडपेसारखा तोंडावर बसतो आणि गोळ्यांना दाद देत नाही.

आणि आता सर्दीची गोळी. डिसेंबर-जानेवारीत लघवी तुंबून येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, मेडिकलमधून काय घेतलं? नाक मोकळं करणाऱ्या फिनायलेफ्रिनने तोच स्नायू आवळतो आणि त्याच गोळीतलं क्लोरफेनिरामाइन पिशवीला सुस्त करतं, वर थंडी, म्हणजे तिन्ही बाजूंनी कोंडी. बाबांना सांगून ठेवा, सर्दीला वाफ घ्या, मीठ-पाण्याने नाक धुवा, पण ती दहा रुपयांची पट्टी विचारल्याशिवाय नको. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी देतात ती अमिट्रिप्टिलिन पण याच यादीत. बद्धकोष्ठ असेल तर तेही सांभाळा, भरलेलं आतडं मागून दाबतं.

डायबेटीसचं दुहेरी काम आहे. साखर जास्त असली की लघवीच जास्त होते, आणि बरीच वर्षं झाली की पिशवीच्या नसा मंद होतात, ती पूर्ण रिकामी होत नाही. त्यात हल्ली डापाग्लिफ्लोझिन आणि त्याची भावंडं सर्रास देतात, ही औषधं साखर लघवीतूनच बाहेर टाकतात, मग लघवी वाढणारच. औषध चांगलं आहे, मनाने बंद करू नका, पण खेपा वाढल्या ती तारीख आणि गोळी सुरू झाली ती तारीख जुळवून बघा. बीपीसाठी पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, संध्याकाळी घेत असतील तर सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा. नुसत्या एवढ्या बदलाने रात्रीच्या दोन खेपा कमी झालेली माणसं आहेत.

रात्रीच्या उठण्याबद्दल अजून थोडं, कारण तुमच्या बाबांची मुख्य तक्रार तीच आहे. रात्री उठावं लागतं ते प्रत्येक वेळी प्रोस्टेटमुळे असतंच असं नाही. दिवसभर पायावर सूज साठते आणि आडवं झालं की ते पाणी रक्तात येऊन किडनीतून बाहेर पडतं. घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा माणूस रात्री जास्त लघवी करतो. आणि काहीजण झोपताना औषधासोबत तांब्याभर पाणी पितात कारण कुणीतरी सांगितलंय पाणी भरपूर प्या. ते दिवसा प्यावं, संध्याकाळी सातनंतर हात आखडता घ्यावा.

५२ ग्रॅम आणि ग्रेड २ या आकड्यांनी घाबरू नका. ग्रेड प्रत्येक सेंटर आपापल्या पद्धतीने लिहितं, पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत आठवड्याने परत केली तर पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे होतातच. त्या कागदावर मी आधी बघतो ते लघवी केल्यानंतर पिशवीत किती उरली ते, पिशवीची भिंत जाड झालीय का, खडा आहे का, आणि किडन्या फुगल्यात का. सोबत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), लघवीची तपासणी, साखर, पीएसए, बोटाने तपासणी, आणि लघवीच्या धारेचा वेग मोजणारा युरोफ्लो. ऑपरेशन लागतं ते वारंवार तुंबणं, खडे, वारंवार इन्फेक्शन, थांबत नसलेलं रक्त, किडनीवर परिणाम किंवा गोळ्यांनी न भागणारा त्रास यासाठी, ग्रॅमसाठी लागत नाही.

एक प्रकार घरच्यांच्या लक्षात येत नाही तो सांगतो. म्हातारा माणूस तक्रार करत नाही, पण झोपेत अंथरूण ओलं होतं, कपड्याला वास येतो, घरचे म्हणतात वय झालं, डायपर आणतात. प्रत्यक्षात पिशवी गच्च भरलेली असते, दुखत नाही कारण हळूहळू ताणली गेलीय, आणि वरचं वर सांडतं तेवढंच बाहेर येतं. ओटीपोटावर हात ठेवला तर गोळा लागतो. अशांचं क्रिएटिनिन कधीकधी इतकं चढलेलं असतं की आधी नळी घालून किडनी सावरावी लागते. असं दिसलं तर, किंवा लघवी एकदम बंद झाली, थंडी वाजून ताप आला, रक्त आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

बाबांना टॅमसुलोसिन सुरू असेल तर रात्री उठताना आधी मिनिटभर कॉटवर बसून मग उभं राहायला सांगा, बीपी उतरून पडतात आणि खुबा मोडतो. आणि पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी आधी सांगायची, कधीकाळी घेऊन बंद केली असली तरी. ऑपरेशन चालू असताना बुबुळाचा पडदा सैल पडतो, माहीत असेल तर ते तयारी करून बसतात.

तुमचं स्वतःचं म्हणाल तर ४१ला काही तपासणी नको. घरात कोणाला प्रोस्टेटचा कॅन्सर झालेला असेल तरच पीएसएचा विषय पंचेचाळिशीच्या आसपास काढू. तोपर्यंत पॅन्टचा कंबरेचा नंबर वाढू देऊ नका आणि वर्षातून एकदा साखर बघा. सॉ पाल्मेटो या वनस्पतीच्या अर्काच्या कॅप्सूल ऑनलाइन विकतात त्या घेऊ नका, अमेरिकेतल्या दोन चांगल्या चाचण्यांत, २००६ आणि २०११, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा (प्लासिबो) वेगळा परिणाम दिसला नाही. भोपळ्याच्या बिया आवडत असतील तर खा, औषध म्हणून नाही.

आणि बाबांना दाखवायला न्यायच्या आधी तीन दिवस एक डायरी करा. प्लास्टिकचा मापाचा डबा घ्या, प्रत्येक वेळची लघवी किती मिली आणि किती वाजता, काय आणि किती प्यायले, हे लिहून ठेवा. चोवीस तासांतल्या लघवीपैकी एक तृतीयांशापेक्षा जास्त रात्रीच होत असेल तर प्रोस्टेटची गोळी वाढवून काही होणार नाही, पाय, हृदय, झोप, साखर यांच्याकडे बघावं लागेल. थोडी थोडी सारखी होत असेल तर विषय प्रोस्टेटचा आणि पिशवीचा. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, सर्दीच्या सुद्धा.